दाखल्यावरचं लिंग आणि मैदानावरचा गट

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२५ चा निकाल आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून जागतिक ॲथलेटिक्समध्ये सुरू झालेली जनुक चाचणी, या दोन विषयांवर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथं घेतले आहेत. सारखी पत्रं एकत्र केली आहेत. आधी दोन शब्दांचा खुलासा. जन्माच्या वेळी मुलगा अशी नोंद झालेली, पण स्त्री म्हणून जगणारी व्यक्ती म्हणजे ट्रान्स स्त्री. जन्मापासून मुलगी म्हणून नोंद आणि मुलगी म्हणूनच वाढ, पण गुणसूत्रं किंवा संप्रेरकं नेहमीच्या साच्यात न बसणारी, अशा खेळाडूच्या स्थितीला डॉक्टर ‘डीएसडी’, म्हणजे लिंगविकासातील भिन्नता, म्हणतात. या विषयावरची निम्मी भांडणं या दोघींची गल्लत झाल्यामुळेच होतात.

*

प्रश्न : ब्रिटनमध्ये लिंगओळखीचा दाखला मिळाला की ती व्यक्ती कायद्यानं सर्व कामांसाठी स्त्री ठरते. मग तिला महिलांच्या संघातून बाहेर कसं काढतात? दिलेला हक्क परत घेण्यासारखंच नाही का हे? (एक वाचक, लेस्टर)

खेळापुरता तो हक्क पूर्णपणे कधी दिलाच नव्हता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २००२ मध्ये गुडविन खटल्यात, ट्रान्स स्त्रीची ओळख कायद्यानं मान्य न केल्याबद्दल ब्रिटनला दोषी धरलं, त्यातून २००४ चा जेंडर रेकग्निशन ॲक्ट आला. त्याचं कलम ९ ‘सर्व कामांसाठी’ म्हणतं हे खरं. पण त्याच कायद्यात कलम १९ होतं. स्पर्धा न्याय्य राहावी किंवा खेळाडू सुरक्षित राहावेत म्हणून गरज असेल तर दाखला असलेल्या व्यक्तीवरही निर्बंध घालता येतील, असं त्यात लिहिलं होतं. पुढे ही तरतूद २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये कलम १९५ म्हणून गेली. एका लिंगाच्या ‘सरासरी’ व्यक्तीची ताकद, दमसास किंवा शरीरयष्टी दुसऱ्या लिंगाच्या सरासरी व्यक्तीपुढे कमी पडते, असा खेळ ते कलम गृहीत धरतं. ‘सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एखादी ट्रान्स स्त्री किरकोळ अंगाची असेल, तरी तेवढ्यानं मुद्दा निकालात निघत नाही. मुलांच्या स्पर्धांत वय आणि वाढीचा टप्पा लक्षात घ्यावा, असंही तिथंच सांगितलं आहे. वादात हे वाक्य सहसा कुणी वाचून दाखवत नाही.

१६ एप्रिल २०२५ ला ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ खटल्यात पाच न्यायमूर्तींनी एकमतानं ठरवलं की इक्वॅलिटी ॲक्टमधल्या ‘सेक्स’ या शब्दाचा अर्थ जैविक लिंग असाच आहे, दाखल्यानं तो बदलत नाही. ट्रान्स व्यक्तींना भेदभावापासून मिळणारं स्वतंत्र संरक्षण कायम असल्याचंही त्याच निकालात आहे. त्यानंतर इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं मे महिन्यात आणि फुटबॉल असोसिएशननं १ जूनपासून ट्रान्स स्त्रियांना महिलांच्या सामन्यांतून वगळलं. खुल्या आणि मिश्र क्रिकेटमध्ये त्यांना खेळता येतं. फुटबॉल असोसिएशनकडे नोंद असलेल्या अशा हौशी खेळाडू तीसहूनही कमी होत्या.

दाखल्याच्या अटीही पाहा. वय १८ पूर्ण, जेंडर डिस्फोरियाचं (जन्मलिंग आणि आतून जाणवणारी ओळख न जुळल्यानं होणारी घालमेल) वैद्यकीय निदान, दोन वर्षं त्या ओळखीनं जगल्याचा पुरावा आणि नाममात्र शुल्क. शस्त्रक्रियेची अट नाही, संप्रेरकांचीही नाही. माणसाला समाजात मानानं जगता यावं यासाठी हे योग्यच आहे. पण म्हणूनच तो दाखला शरीराबद्दल काहीही सांगत नाही. स्कॉटलंडच्या विधिमंडळानं डिसेंबर २०२२ मध्ये निदानाची अट काढून वय १६ आणि मुदत तीन महिने केली. लंडनच्या सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये ते विधेयक अडवलं. खेळ संघटनांनी दाखल्याकडे बघणं सोडून स्वतःचे निकष लावायला सुरुवात केली, त्याचं कारण इथंच आहे. दाखला जितका सोपा, तितका तो मैदानावर निरुपयोगी.

*

प्रश्न : आपल्याकडच्या कायद्यात खेळाबद्दल काही आहे का? (विधी शाखेची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

आहे, पण एकाच ठिकाणी आणि गटांबद्दल मौन बाळगून. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्यावर संसदेनं २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा केला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याची मूळ रचना दोन पायऱ्यांची होती. कलम ५ आणि ६ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टर कचेरीत, प्रतिज्ञापत्रासह अर्ज करायचा. मिळणाऱ्या ओळखपत्रावर ‘ट्रान्सजेंडर’ अशी नोंद. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र जोडून कलम ७ खाली ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ असा सुधारित दाखला. अर्ज करण्याआधी केंद्राच्या पोर्टलवर त्या दिवशी लागू असलेले नियम जरूर वाचा, जुन्या लेखांवर विसंबू नका.

खेळाचा उल्लेख कलम १३ मध्ये येतो. सरकारी अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेनं ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांना खेळ आणि करमणुकीची संधी भेदभाव न करता, इतरांच्या बरोबरीनं द्यायची आहे. म्हणजे ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ म्हणून शाळेला मुलाला मैदानाबाहेर बसवता येत नाही. पण मुलींच्या कबड्डी संघात घ्यायचं की मुलांच्या, यावर कायदा गप्प आहे. ब्रिटनच्या कलम १९५ सारखं काही आपल्याकडे नाही, त्यामुळे ती जागा त्या त्या खेळाच्या संघटनेचे नियम भरून काढतात.

फक्त कागदावर विसंबलं तर काय होतं, ते पॅरिसला दिसलं. २०२४ च्या ऑलिंपिक मुष्टियुद्धात पासपोर्टवरचं लिंग हाच निकष होता. अल्जीरियाची इमान खलिफ (६६ किलो) आणि तैवानची लिन यू-टिंग (५७ किलो) दोघी त्या निकषावर खेळल्या आणि सुवर्ण जिंकल्या. दोघीही जन्मापासून मुलगी म्हणून नोंदलेल्या, ट्रान्स नव्हेत. तरी समाजमाध्यमांवर त्यांना ‘पुरुष’ म्हणून झोडपलं गेलं. त्या दोघींनी नियम मोडला नव्हता. संयोजकांनी मात्र वाद उभा राहणार हे माहीत असूनही स्पष्ट निकष आखला नव्हता. पुढे वर्ल्ड बॉक्सिंगनं २०२५ मध्ये जनुक चाचणी सक्तीची केली.

*

प्रश्न : ही एसआरवाय चाचणी नक्की कशी करतात? माझ्या दोन मुली राष्ट्रीय पातळीवर धावतात. आम्ही आत्तापासून काय तयारी ठेवायची? (क्रीडाशिक्षक, नाशिक)

एसआरवाय हे वाय गुणसूत्रावरचं जनुक, १९९० मध्ये सापडलेलं. गर्भात वृषण तयार होण्याची कळ तेच दाबतं. जागतिक ॲथलेटिक्स महासंघानं १ सप्टेंबर २०२५ पासून, जागतिक क्रमवारीसाठी धरल्या जाणाऱ्या स्पर्धांत महिला गटातून उतरायचं असेल तर ही चाचणी आयुष्यात एकदा देणं बंधनकारक केलं. त्या महिन्यातली टोकियोची जागतिक स्पर्धा ही पहिली मोठी कसोटी ठरली. चाचणीची व्यवस्था देशाच्या महासंघाकडे असते. तालुका किंवा आंतरशालेय स्पर्धेसाठी तिची गरज नाही. कुणी मागितली तर नियम लेखी दाखवायला सांगा.

नमुना गालाच्या आतल्या बाजूनं कापसाच्या काडीनं घेतात किंवा रक्ताचा घेतात. काडीचा नमुना द्यायचा असेल तर आधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये, चूळ भरून घ्यावी. ओळखपत्र तपासून नळीवर सांकेतिक क्रमांक लागतो. प्रयोगशाळेत डीएनए वेगळा करून पीसीआर पद्धतीनं (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून) एसआरवायचा तुकडा वाढतो का, ते पाहतात. उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच.

ऐकायला सोपं वाटतं, पण घोळ इथेच होतात. पहिला घोळ ‘नाही’ या उत्तराचा. नमुन्यात डीएनए पुरेसा नसेल तरी उत्तर ‘नाही’ येतं. म्हणून त्याच नळीत प्रत्येक माणसात असणारं दुसरं एखादं जनुक सोबत तपासावं लागतं. ते वाढलं आणि एसआरवाय वाढलं नाही, तरच ‘नाही’ खरं. अहवालात या अंतर्गत नियंत्रणाचा उल्लेख नसेल तर तो परत पाठवा. दुसरा घोळ उलटा. पीसीआर इतकी तिखट असते की नमुना हाताळणाऱ्या पुरुष तंत्रज्ञाच्या चार पेशी पडल्या तरी ‘आहे’ येऊ शकतं. त्यासाठी सोबत नुसत्या पाण्याची एक नळी चालवतात. तिच्यातही ‘आहे’ आलं तर सगळी तुकडी बाद. तिसरा घोळ रक्ताच्या नमुन्याचा. मुलाचा गर्भ पोटात असलेल्या स्त्रीच्या रक्तात त्या गर्भाचा डीएनए फिरत असतो, तर पुरुष दात्याचा अस्थिमज्जा घेतलेल्या स्त्रीच्या रक्तपेशीच मुळी दात्याच्या असतात. अशी काही माहिती असेल तर नमुना देण्याआधी सांगायची.

‘आहे’ असा निकाल आला म्हणजे मुलगी बाद, असं नाही. पुढची पायरी तज्ज्ञ डॉक्टरांची तपासणी. काहींना संपूर्ण अँड्रोजेन असंवेदनशीलता असते. गुणसूत्रं एक्सवाय, टेस्टोस्टेरॉनही भरपूर, पण पेशींना त्याचा संदेशच ऐकू येत नाही, त्यामुळे पुरुषी वाढ होत नाही. नियमात त्यांना सूट आहे. एसआरवाय शोधणाऱ्या चमूतले ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच या चाचणीवर टीका केली, तीही नेमकी याच मुद्द्यावर. जनुक आहे की नाही ते कळतं, ते काम करतं की नाही ते कळत नाही. ही टीका फेकून देण्यासारखी नाही. पण चाळणी म्हणून चाचणी वापरायची आणि निर्णय डॉक्टरांच्या पुढच्या तपासणीवर घ्यायचा, हे पाळलं तर तिचा उपयोग आहे.

जुना अनुभव मात्र कडू आहे. ऑलिंपिकमध्ये १९६८ पासून गुणसूत्र चाचण्या होत्या. स्पेनची अडथळ्यांची धावपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो १९८५ मध्ये जपानमधल्या कोबेला स्पर्धेसाठी गेली, आधीचं प्रमाणपत्र घरी विसरली, पुन्हा चाचणी झाली आणि एक्सवाय गुणसूत्रं निघाली. तिला हीच असंवेदनशीलता होती. पुढच्या वर्षी बातमी फुटली, शिष्यवृत्ती गेली. मान्यता परत मिळायला १९८८ उजाडलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ स्त्रियांपैकी आठ जणी ‘आहे’ निघाल्या, आणि तपासणीनंतर आठही खेळल्या. त्यानंतर सिडनीच्या आधी ऑलिंपिकनं या चाचण्या बंद केल्या होत्या.

तुमच्या मुलींसाठी सांगायचं तर, चाचणी देशाबाहेरच्या स्पर्धेच्या तोंडावर ठेवू नका. फ्रान्समध्ये वैद्यकीय कारणाशिवाय अशी जनुक चाचणी कायद्यानं करता येत नाही. त्यांच्या महिला बॉक्सर्सचे निकाल वेळेत पोचले नाहीत आणि सप्टेंबर २०२५ च्या लिव्हरपूल जागतिक स्पर्धेला त्या मुकल्या. खेळाडू १८ वर्षांखालची असेल तर पालकांची लेखी संमती घ्या, आणि संमती देण्याआधी ‘आहे’ आलं तर काय, हे डॉक्टरांनी घरच्यांना समजावलेलं असू द्या. निकाल फक्त मुलगी, पालक आणि महासंघाचे डॉक्टर यांच्यात राहिला पाहिजे. तुम्ही शिक्षक असलात तरी तो तुमच्या व्हॉट्सॲपवर येता कामा नये.

*

प्रश्न : औषधं घेऊन टेस्टोस्टेरॉन बायकांइतकं खाली आणलं की फायदा संपायला हवा ना? (फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर)

आज रक्तात किती आहे आणि पौगंडावस्थेत त्यानं काय घडवलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉन साधारण ०.०६ ते १.६८ नॅनोमोल प्रति लिटर असतं, पुरुषांत ७.७ ते २९.४. मधे मोकळी जागा आहे. आपल्याकडच्या लॅबचा अहवाल बहुधा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतो. त्याला २८.८ नं भागलं की नॅनोमोल मिळतात. म्हणजे ७२ नॅनोग्रॅम म्हणजे अडीच नॅनोमोल. आणि स्त्रियांच्या खालच्या पातळ्या मोजताना नेहमीची इम्युनोअॅसे पद्धत चुकते, मास स्पेक्ट्रोमेट्रीचाच अहवाल घ्यावा.

औषध सुरू केल्यावर हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीला येतं. स्नायू मात्र चिवट. एका वर्षात स्नायूंचं प्रमाण आणि ताकद जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास घटते, असं उपलब्ध अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसतं. उंची, हाडांची लांबी, खांद्यांची रुंदी यांत काहीच बदल होत नाही. अमेरिकी हवाई दलातल्या ४६ ट्रान्स स्त्रियांच्या नोंदी आहेत. उपचारांआधी त्या इतर स्त्रियांपेक्षा मिनिटाला ३१ टक्के जास्त पुशअप काढत. दोन वर्षांनी तो फरक उरला नाही, पण दीड मैल धावण्यात त्या तेव्हाही १२ टक्के पुढे होत्या. ८०० मीटरच्या जागतिक विक्रमांत पुरुष (१:४०.९१) आणि स्त्रिया (१:५३.२८) यांच्यात अंतर जवळपास एवढंच आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हवाई दलातले लोक अव्वल खेळाडू नव्हेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या पैशातून झालेल्या २०२४ च्या एका लहान अभ्यासात ट्रान्स स्त्रियांची मुठीची पकड जास्त, पण वजनाच्या प्रमाणात उडी आणि प्राणवायू वापरण्याची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा कमी भरली. त्यामुळे ‘प्रत्येक खेळात सारखाच फायदा’ हे विधान टिकत नाही. रग्बीत वजन आणि टक्कर मोजायची, नेमबाजीत त्याचा काय संबंध? आमचं मत असं की वरच्या पातळीवर ‘पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्यांना महिला गट नाही’ ही रेष धरणं योग्य आहे. जलतरणानं २०२२ मध्ये आणि ॲथलेटिक्स, सायकलिंगनं २०२३ मध्ये ती धरली. गल्लीतल्या बॅडमिंटनला तीच रेष लावणं म्हणजे मुंगीला मारायला मुसळ. जलतरण महासंघानं ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्लिनला खुला गट ठेवला, तर एकही नाव आलं नाही. कागदावर सोय केली म्हणजे सोय झाली, असं नसतं.

*

प्रश्न : द्युती चंद, शांती सौंदराजन, सेमेन्या या ट्रान्स आहेत का? (बरीच पत्रं)

नाहीत. तिघीही जन्मापासून मुली म्हणून वाढल्या. तमिळनाडूच्या शांतीनं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्य जिंकलं. लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं आणि अहवालाची चर्चा गावभर झाली. ओडिशाच्या द्युतीला २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी वगळलं, तेव्हा ती लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेली. वाढीव नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनमुळे मिळणारा फायदा स्त्री-पुरुषांमधल्या १०-१२ टक्के फरकाच्या जवळपास जातो, हे जागतिक महासंघानं सिद्ध करावं, असं म्हणत लवादानं जुलै २०१५ मध्ये टेस्टोस्टेरॉन १० नॅनोमोलच्या खाली हवं हा नियम स्थगित केला. महासंघानं २०१८ मध्ये ४०० मीटर ते एक मैल एवढ्या शर्यतींपुरता ५ नॅनोमोलचा नियम आणला. द्युती १०० आणि २०० मीटरची, ती सुटली आणि त्याच वर्षी जकार्ताला दोन रौप्यं घेऊन आली. दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या ८०० ची, ती अडकली. लवादानं २०१९ मध्ये दोन विरुद्ध एक मतानं तिचा दावा फेटाळला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं १० जुलै २०२५ ला, लवादाचा निकाल तपासणाऱ्या स्वित्झर्लंडच्या न्यायालयानं तिची बाजू नीट ऐकून घेतली नाही, एवढंच ठरवलं. नियम चूक की बरोबर, यावर ते न्यायालय बोललं नाही.

*

प्रश्न : क्रिकेटमध्ये काय नियम आहे? (एक वाचक, बीड)

आयसीसीनं नोव्हेंबर २०२३ पासून पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या खेळाडूला आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट बंद केलं, शस्त्रक्रिया किंवा औषधं घेतलेली असली तरी. देशांतर्गत क्रिकेटचा निर्णय त्या त्या मंडळावर सोडला. माजी कसोटीपटू संजय बांगर यांची मुलगी अनाया हिनं या नियमाचा फेरविचार व्हावा, अशी मागणी जाहीरपणे केली आहे.

*

प्रश्न : पोलीस भरतीत ट्रान्स उमेदवारानं कोणती मैदानी चाचणी द्यायची? (भरतीची तयारी करणारी उमेदवार, सोलापूर)

शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर धाव आणि ७.२६० किलोचा गोळा, महिलांना ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. १०० मीटर दोघांनाही, वेळेचे निकष वेगळे. तिसरा रकाना अर्जात नव्हताच. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राज्य सरकारनं २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत नियम करू आणि त्यानंतरच मैदानी चाचणी घेऊ, असं मान्य केलं. जाहिरातीसोबतच्या माहितीपत्रकात ट्रान्स उमेदवारांसाठीचे निकष पाहा आणि अर्जात निवडलेलं लिंग ओळखपत्राशी जुळतं का, ते फॉर्म भरण्याआधी तपासा. छाननीत अर्ज अडकतो तो इथं.

*

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची, भालाफेक करते. पीसीओएस आहे, टेस्टोस्टेरॉन थोडं वाढलेलं. तिला कुणी अपात्र ठरवेल का? (एक आई, सातारा)

पीसीओएसमुळे (अंडाशयाच्या संप्रेरकांचा बिघाड) नाही. तिची गुणसूत्रं एक्सएक्स असतात, एसआरवाय नसतं, चाचणीचं उत्तर ‘नाही’ येणार. टेस्टोस्टेरॉनच्या २०१८ च्या नियमांतूनही पीसीओएस असलेल्या स्त्रिया वगळलेल्या होत्या.

तुमची काळजी वेगळ्या ठिकाणी असायला हवी. चेहऱ्यावरच्या केसांसाठी डॉक्टर बऱ्याचदा स्पायरोनोलॅक्टोन देतात. ते लघवीचं प्रमाण वाढवणारं औषध म्हणून ‘वाडा’च्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) बंदी यादीत आहे. पुढे कधी लेट्रोझोल किंवा क्लोमिफीन दिलं तर तीही यादीत आहेत. मेटफॉर्मिन आणि गर्भनिरोधक गोळ्या चालतात. ‘पीसीओएससाठी आयुर्वेदिक’ म्हणून मिळणाऱ्या डब्यांवर डीएचईए (एक संप्रेरक) लिहिलेलं दिसलं तर हात लावू नका. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत ‘ही स्पर्धा खेळते’ असं सांगा. बंदी यादीतलं औषध घेण्यावाचून पर्यायच नसेल, तर उपचारासाठी सूट मिळण्याचा अर्ज राष्ट्रीय पातळीच्या खेळाडूनं ‘नाडा’कडे (देशाची उत्तेजकविरोधी संस्था) करायचा असतो. सोबत निदानाचे कागद, सोनोग्राफी, संप्रेरकांचे अहवाल आणि इतर औषधं का चालली नाहीत याचं डॉक्टरांचं पत्र जोडायचं. गोळी सुरू करण्याआधी मंजुरी हातात हवी.